कूलरपुढचा हात

आमच्या घरी कूलर आला आणि बाबांना हवामान कळायला लागलं. त्याआधी ते नुसते भूगोलाचे मास्तर होते. वर्गात नकाशावर काठी ठेवून वारे कुठून कुठे वाहतात ते पोरांना शुद्ध पुस्तकी भाषेत समजावून सांगायचे आणि घरी येऊन आमच्याशी वऱ्हाडीत भांडायचे. पण अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या काठच्या आमच्या गल्लीत उद्या काय होणार, हे त्यांना इतरांइतकंच माहीत असे. म्हणजे काहीच नाही.

कूलर लोखंडी पत्र्याचा होता, माझ्याहून वीतभर उंच. खिडकीबाहेर विटांचा ओटा बांधून त्यावर बसवला होता. तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, खाली पाण्याची टाकी, आणि टाकीतलं पाणी वर चढवून ताट्यांवर सोडणारा एक चिडका पंप. आमच्याकडचं बोअरचं पाणी खारं. त्या खाराने पंप दर पंधरा दिवसांनी बसायचा आणि बाबा तो उघडून जुन्या दातघासणीने घासत बसायचे. कूलर सुरू झाला की घरात पिठाची गिरणी लागल्यासारखा आवाज होई. आम्ही सगळे उन्हाळाभर ओरडूनच बोलायचो, आणि मृग लागून कूलर बंद झाला तरी पुढचा आठवडाभर ओरडतच राहायचो. आजही मी फोनवर मोठ्याने बोलते असं माझी सून म्हणते. तिला काय सांगू, हा आवाज कुठून आलाय ते.

तर हवा कोरडी असली की कूलर असा गार वारा देतो की भर वैशाखात पायांवर चादर घ्यावी. आणि हवेत ओल आली, उमस वाढली, की तोच कूलर, तेच पाणी, पण अंगावर ओलं फडकं टाकल्यासारखं वाटतं. काडेपेटी पेटत नाही, मीठ भांड्याला चिकटतं, डब्यातला पापड चामड्यासारखा वाकतो. वऱ्हाडातल्या कुठल्याही लेकराला हे माहीत असतं. बाबांनी फक्त त्याचं शास्त्र केलं. संध्याकाळी वाचनालयातून आले की चपला काढायच्या आधी उजवा हात कूलरपुढे धरायचे, तळवा उघडा, डोळे मिटलेले, नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे. मिनिटभर घरात कोणी बोलायचं नाही. मग निकाल लागायचा. गार लागला तर, "कोरडी हवा आहे. दोन दिवस भेव नाही." चिकट लागला तर नुसतं, "आवरा."

आई त्यांना कूलरचे ज्योतिषी म्हणायची. "लोक पंचांग पाहतात, आमच्या घरी पत्रा पाहतात," असं ती शेजारच्या सुमनकाकूंना सांगायची, पण बाबा "आवरा" म्हणाले की सगळ्यात आधी गच्चीवर तीच धावायची. हळूहळू सगळी गल्लीच धावायला लागली. आमच्या गल्लीत आठ घरं होती आणि आठही गच्च्या एकमेकींना टेकलेल्या. उन्हाळ्यात त्या गच्च्या म्हणजे बायकांचं राज्य. पापड, कुरडया, सरगुंडे, साबुदाण्याच्या चकल्या, मिरच्या, सांडगे. एकीच्या गच्चीवरून पाय ठेवायला जागा शोधत दुसरीच्या गच्चीवर जावं लागे. सुमनकाकू रोज संध्याकाळी आमच्या ओट्याशी येऊन विचारायच्या, "मास्तर, टाकू का उद्या?" आणि बाबा जणू जिल्हाधिकाऱ्यांनी सल्ला मागितला असावा इतक्या गंभीरपणे उत्तर द्यायचे. शाळेत त्यांना कधी हेडमास्तर केलं नाही, दोन ज्युनियर मास्तर त्यांना मागे टाकून वर गेले. ते त्याबद्दल चकार शब्द काढत नसत. पण गल्लीतल्या बायका आपल्याला विचारून कुरडयांचा चीक शिजवतात, हे त्यांच्या चालण्यातसुद्धा दिसायचं.

ते नेहमीच बरोबर यायचे असं नाही. एकदा त्यांनी कोरडी हवा सांगितली आणि दुसऱ्या दिवशी वादळात त्यांची स्वतःचीच लुंगी उडाली, ती नदीपलीकडच्या एका वकिलांच्या गच्चीत सापडली. वकिलांनी ती धुऊन, इस्त्री करून, घडी घालून आपल्या कारकुनाबरोबर परत पाठवली आणि सोबत निरोप दिला की मास्तरांनी थोडा अंदाज घरच्यासाठीही राखून ठेवावा. बाबा त्यावर म्हणाले की ते वादळ बाळापूरकडून आलं होतं, आणि बाळापूरकडच्या वादळाला कूलरचा नियम लागू नाही. त्यात नुसती धूळ असते. खरं वादळ बार्शीटाकळीकडून येतं, ते पाणी घेऊन येतं, आणि त्याची ओल कूलरला एक दिवस आधी कळते. वादळ झालं की दुसऱ्या दिवशी गल्लीत कपड्यांची अदलाबदल व्हायची. कोणाचा परकर कोणाच्या तारेवर, कोणाची टोपी कोणाच्या रांजणात. एका वर्षी तर आमची उशी सुमनकाकूंच्या घरी गेली आणि त्या ती त्यांचीच आहे म्हणून शेवटपर्यंत भांडल्या. आई म्हणाली, "जाऊ द्या, झोप तं येईन न त्याइले."

ताईला, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीला, बघायला अमरावतीहून पाहुणे आले तेव्हा मुलाच्या मामांना मानाची जागा म्हणून कूलरच्या अगदी समोर बसवलं होतं. पोहे झाले, चहा झाला, मामांनी ताईला "स्वयंपाक काय काय येतो" असं विचारायला तोंड उघडलं आणि पंपाची नळी निसटली. पाण्याची धार थेट पंख्यावर, आणि पंख्यावरून मामांवर. त्यांच्या मिशीत वाळ्याच्या काड्या अडकल्या. बाबा नळीकडे धावले, मी हसू दाबत आत पळाले, ताई रडायच्या बेतात. मामांनी तोंड पुसलं आणि शांतपणे म्हणाले, "गार आहे पण." त्या दिवशीच लग्न ठरलं. आई म्हणाली, भिजूनही हो म्हणाले म्हणजे माणसं चांगली आहेत, आणि ते खरं निघालं.

लग्न ज्येष्ठात धरलं होतं. पण आईला त्याच फाल्गुनात धाप लागायला सुरुवात झाली होती. डॉक्टर म्हणाले छातीत पाणी झालंय, हृदय थकलंय, आराम पाहिजे. चैत्र संपेपर्यंत तिची खाट समोरच्या खोलीत, कूलरच्या खिडकीशी आली. कोरड्या हवेत ती बरी असायची. तक्क्याला टेकून बसायची, भाजी निवडायची, आम्हाला टोमणे मारायची. पण उमस झाली की तिचा जीव घाबरा व्हायचा. तोंड उघडं टाकून ती श्वास ओढायची, आणि तो आवाज कूलरच्या गिरणीतूनही ऐकू यायचा. मी तेव्हा तेरा वर्षांची होते. रात्री झोपायच्या आधी मी तो आवाज मोजत पडायचे. एक ओढ, थांबा, दुसरी ओढ. थांबा लांबला की उठून बसायचे. मला तेव्हा जगात दुसऱ्या कशाचीही भीती नव्हती.

आईला एकच ध्यास होता, ताईच्या रुखवतात तिच्या हातच्या कुरडया गेल्या पाहिजेत. पांढऱ्या, गुलाबी आणि हिरव्या, ताटाएवढ्या, मोगऱ्याच्या गजऱ्यासारख्या गोल. तिच्या आईने तिच्या रुखवतात दिल्या होत्या. सुमनकाकू म्हणाल्या, आम्ही करतो, तू नुसतं पाहा. गल्लीतल्या सगळ्या बायकांनी ठरवलं की यंदा आठही घरांचा गहू एकाच दिवशी भिजवायचा, म्हणजे सगळ्यांचे हात एकत्र लागतील आणि लग्नघरचं काम आधी उरकेल. बाबांना विचारून दिवस धरला. गहू तीन दिवस भिजतो, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा, रात्रभर तो बसू द्यायचा आणि पहाटे शिजवून गरम गरम पिळायचा. एकदा गहू भिजला की तो कोणासाठी थांबत नाही. आणखी एक दिवस लांबवला तर चीक आंबतो आणि कुरडई तुटते. तीन दिवस सगळी गल्ली त्या आंबूस वासाने भरून गेली होती.

चौथ्या दिवशी दुपारी वाटण झालं. पाटावरवंट्यांचे आणि पुरणयंत्रांचे आवाज थांबले, पातेल्यांवर झाकणं बसली. बाबा वाचनालयात गेले होते, ताई सुमनकाकूंकडे ब्लाऊज शिवत होती, घरात मी आणि आई. आणि तीनच्या सुमाराला हवा बदलली. वर ढगाचा ठिपकासुद्धा नव्हता, पण गळ्याखाली घाम चिकटून राहायला लागला. कूलर सुरू होता आणि तरी खोली गदमदली होती. आई एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर झाली, मग उठून बसली, मग तिचं ते श्वास ओढणं सुरू झालं. मी तिच्याच पदराने वारा घातला, पुठ्ठ्याने घातला. तिचे ओठ निळसर दिसत होते. ती म्हणाली, "बेबी, गार कर व कायतरी." एवढंच. आई कधी काही मागायची नाही.

मी पळत गल्लीच्या तोंडाशी रशीदचाचांच्या रसवंतीवर गेले. त्यांच्याकडे भुशाखाली बर्फाची लादी असायची. मी आईचं सांगितलं. त्यांनी पुढे उभ्या असलेल्या गिऱ्हाईकाला थांबवलं, लादी मधोमध फोडली आणि अर्धी गोणपाटात बांधून माझ्या डोक्यावर दिली. "लेजा बेटा. माँ से बढ़के रस है क्या." मी घरी येईपर्यंत फ्रॉक पुढून मागून भिजला होता. मी ओट्यावर चढले, कूलरची एक ताटी सरकवली आणि बर्फाचे तुकडे एकेक करून टाकीत सोडले. पाच मिनिटांत खोलीत थंडीचा असा झोत आला की भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा हाताला गार लागलं. आईने डोळे मिटले. तिचे खांदे खाली आले. थोड्या वेळाने ती चक्क घोरायला लागली. मी खाटेच्या पायाशी बसून ते घोरणं ऐकत होते आणि मला वाटत होतं की मी जगातली सगळ्यात हुशार मुलगी आहे.

ती दोन तास झोपली. ती जागी झाली आणि तेवढ्यात बाबा आले. दारात चपला, उजवा हात पुढे, डोळे मिटलेले. मी तोपर्यंत बर्फाचा आणि बाबांच्या हाताचा काही संबंध असतो हे विसरूनच गेले होते. खरंच सांगते, ते माझ्या डोक्यातच नव्हतं. बाबांचा चेहरा हळूहळू उजळला. ओट्याशी सुमनकाकू आणि आणखी चारजणी उभ्या होत्या, पहाटे चुली पेटवायच्या की नाही ते विचारायला. बाबा खिडकीतून म्हणाले, "थंडगार देऊन राहिला. इतकी कोरडी हवा साऱ्या वैशाखात नव्हती. पेटवा चुली. दोन दिवस भेव नाही."

तेव्हा मला कळलं. मी तोंड उघडलं, आणि आईने माझ्याकडे पाहिलं. तिनं ओठांवर बोट ठेवलं. बाबांची पाठ आमच्याकडे होती. ते अजून खिडकीशी उभं राहून बायकांना वाऱ्यांमुळे आणि दाबामुळे हवा कशी कोरडी होते ते समजावून सांगत होते. बायका गेल्या, बाबा हातपाय धुवायला मोरीत गेले, तेव्हा आईने मला जवळ ओढलं. म्हणाली, "सांगू नको. ते उद्या नका करू म्हणतीन, अन् परवा माझे हात उचलतीन का नाही कोणाले माहीत. गहू भिजला आहे. उद्याच करून घेऊ. येईन तं येईन वादळ, नाही तं बाळापूरकडे जाईन." मी म्हटलं, "अन् काकूइच्या कुरडया?" माझा हात तिने धरून ठेवला होता आणि तिचा हात बर्फासारखाच गार होता. त्या संध्याकाळी मी ना बाबांकडे गेले ना सुमनकाकूंकडे. मी तेरा वर्षांची होते, आणि माझ्या आईने मला गप्प राहायला सांगितलं होतं. एवढंच मला माझ्या बाजूने म्हणता येतं.

पहाटे चारला आठ चुली पेटल्या. चीक शिजताना घोटायला दोघींचे दंड लागतात, तो असा लपलप करतो आणि अंगावर उडतो. आम्हा पोरांना वाट्यांतून गरम चीक मिळाला, कोणी दूधसाखर घालून खाल्ला, मी नेहमीसारखा तेल-तिखट घालून. आईला खुर्चीत बसवून चौघींनी गच्चीवर नेलं. तिने पदर खोचला, सोऱ्या मागितला आणि पहिली कुरडई स्वतः पिळली. कुरडई गोल आली. मग दुसरी. मग गुलाबी. एकूण अकरा केल्या तिने, मी मोजल्या, आणि मग सोऱ्या सुमनकाकूंच्या हातात देऊन म्हणाली, "झालं माझं." सूर्य वर आला तेव्हा आठही गच्च्यांवर पांढरी, गुलाबी, हिरवी फुलं पसरली होती. बाबा जिन्याच्या दारात हात मागे बांधून उभे होते. त्या दिवशी ते जितके खूश दिसले तितके मी त्यांना ताईच्या लग्नातही पाहिले नाही.

वादळ दुपारी चारला आलं, बार्शीटाकळीकडून. आधी वारा एकदम बंद पडला, कावळे गप्प झाले, आणि मग आग्नेयेकडची बाजू विटकरी दिसायला लागली. सगळ्यांत आधी बाबाच ओरडले, "आवरा." पण तेवढ्या कुरडया कोण आवरणार. त्या अर्ध्या ओल्या होत्या, चादरीला चिकटलेल्या. बायका चादरींची टोकं धरून धावल्या, वाऱ्याने चादरी त्यांच्याच डोक्यांवर उलटल्या. एक चादर आख्खी उडून विजेच्या तारेवर जाऊन बसली आणि तिच्यातून हिरव्या कुरडया एकेक करून खाली गळत होत्या. मग धूळ आली, मग थेंब, सुपारीएवढे, आणि मग गारा. सगळं दहा मिनिटांत संपलं. रस्त्यावर चिखलात गुलाबी शेवयांचे गोळे पडले होते आणि शेळ्या ते खात होत्या. एका बकऱ्याच्या शिंगात एक पांढरी कुरडई मुगुटासारखी अडकली होती, तो तसाच दोन दिवस गल्लीतून फिरत होता. आज मी हे नातवंडांना सांगते तेव्हा ती हसून लोळतात. मीही हसते. पण त्या वेळी गल्लीत कोणी हसलं नव्हतं.

बाबा आमच्या ओट्यावर उभे होते, डोक्यापासून पायापर्यंत निथळत, हातात आईच्या अकरांपैकी एक कुरडई, अर्धी. सुमनकाकू समोर आल्या. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या भरवशावर भिजवला होता न जी आमी गहू." बाबा म्हणाले, "चुकलो मी." मी दाराच्या आड होते. तेव्हा पुढे होऊन चार शब्द बोलले असते तर त्या बायकांनी फार तर माझ्या पाठीत धपाटा घातला असता, कारण आईसाठी बर्फ आणणाऱ्या पोरीला कोणी काय म्हणणार. पण मग आईला माहीत होतं हेही बाहेर आलं असतं. मी आत गेले. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिने मला पाहिलं नाही.

रुखवतात बाजारातून आणलेल्या कुरडया मांडल्या गेल्या, पिवळट, लहान. आईने त्या पाहिल्या नाहीत असं दाखवलं. लग्नात ती खुर्चीत बसून होती, हिरव्या शालूत. गल्लीतल्या सगळ्याजणी आल्या, राबल्या, रडल्या, कोणी कुरडयांचा शब्द काढला नाही. पण त्यानंतर सुमनकाकू संध्याकाळी ओट्याशी आल्या नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका एकमेकींना विचारून वाळवण टाकू लागल्या, आणि बाबांना कोणी काही विचारलं नाही. आई तोपर्यंत गेली होती, भाद्रपदात, एका धो धो पावसाच्या सकाळी. शेवटपर्यंत ती त्या दिवसाबद्दल एकदाच बोलली. बाबा बाजूला नव्हते. ती म्हणाली, "बेबी, तुह्या बाबाचं नाव घालवलं व आपण." 'आपण' म्हणाली, 'मी' म्हणाली नाही, 'तू' म्हणाली नाही. मी तो शब्द फार वर्षं सांभाळून ठेवला आहे.

बाबांनी हात धरायचं सोडलं नाही. मी पाहायचे, ते संध्याकाळी यायचे, आसपास कोणी नाही असं पाहून हात कूलरपुढे धरायचे, आणि मग चपला काढायचे. निकाल सांगायचे नाहीत. आणि दर उन्हाळ्यात एकदा तरी मला विचारायचे, "बेबी, त्या दिवशी हात कसा चुकला असंन व माह्या?" मी म्हणायचे, "राहू द्या न बाबा आता." मला सांगायचं होतं. पण आई गेल्यावर सांगणं म्हणजे तिची चहाडी केल्यासारखं वाटायचं, आणि तिला उत्तर द्यायला जागा नव्हती. मग माझं लग्न झालं, मी अमरावतीला आले, नोकरी, पोरं, आणि न सांगण्याची सवय होऊन गेली. माणसाला कशाचीही सवय होते, खोटेपणाचीसुद्धा, आणि ती लाज वाटावी इतकी सहज होते.

बाबा यंदाच्या थंडीत गेले. मी सांगते ती त्याआधीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. ते तेव्हा सहा वर्षांपासून माझ्याकडे होते, शहाऐंशी वर्षांचे. बेडरूममध्ये एसी आहे, पण त्यांना तो चालायचा नाही, "त्यातून काहीच समजत नाही" म्हणायचे. त्यांच्यासाठी हॉलच्या खिडकीत कूलर ठेवला होता, आता फायबरचा, आवाज न करणारा. एका दुपारी लाइट गेली होती आणि अमरावतीतही ती तशीच उमस झाली होती. मी घडी केलेल्या पेपरने त्यांना वारा घालत होते. त्यांनी डोळे मिटूनच विचारलं, "बेबी, त्या दिवशी हात कसा चुकला असंन?" आणि मी, कोण जाणे का, म्हटलं, "चुकला नव्हता, बाबा. मी टाकीत बर्फ टाकला होता."

मी पेपर हलवत राहिले. मग त्यांनी मास्तरांच्या आवाजात विचारलं, "किती?"

"अर्धी लादी. रशीदचाचांकडून आणली होती."

"अर्धी लादी टाकीत. मंग बरोबर आहे. गार लागनारच." त्यांनी मान हलवली, एखादं गणित शेवटी सुटावं तशी. "हात बरोबर होता मंग."

"हो बाबा. बरोबर होता."

"तुह्या आईले माहीत होतं?"

मी नाही म्हणू शकले असते. तसं म्हणायचं मी मनाशी ठरवूनही टाकलं होतं. पण त्यांनी डोळे उघडले होते, आणि ते माझ्याकडे पाहत होते. मी म्हटलं, "हो. तिला उद्याच करून घ्यायच्या होत्या. तिनं मला गप्प बसवलं. माफ करा, बाबा. मी तुम्हाला पंचेचाळीस वर्षं वाट पाहायला लावली." मला रडू आलं, आणि पेपर हातातून खाली पडला.

बाबांनी छताकडे पाहिलं. मला वाटलं आता रागावतील, आणि रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "गार वाटलं होतं न पण तिले?"

"दोन तास झोपली, बाबा. घोरत होती."

"घोरत होती," ते म्हणाले, आणि त्यांना हसू आलं, तोंडात दात नसलेलं, ओलं हसू. "लय घोरे ते. मले सांगे, मी नाही घोरत." थोड्या वेळाने म्हणाले, "जाऊ दे. गेले तं गेले गहू." आणि कुशीवर झाले. मी पेपर उचलला आणि लाइट येईपर्यंत वारा घालत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या फ्लॅटमधली वैशाली दार उघडं पाहून आत आली. तरुण मुलगी, क्लासमध्ये शिकवते, हौसेने साबुदाण्याच्या चकल्या करायला घेतल्या होत्या आणि मोबाईल एकदा ऊन सांगत होता, एकदा पाऊस. "काकू, टाकू का गच्चीवर, की राहू देऊ?" तिने मला विचारलं होतं. मी काही म्हणायच्या आत बाबांनी खाटेवरून हात वर केला, थांब असा. काठी घेऊन उठले. मी धरायला गेले तर त्यांनी झटकलं. ते कूलरपाशी गेले, बाजूची जाळी सरकवली, सदऱ्याची बाही वर केली आणि आधी टाकीत हात घातला. मनगटापर्यंत. पाण्यात या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत चाचपडून पाहिलं, काही तरंगतंय का ते. मग माझ्याकडे पाहिलं. मग हात पंच्याला पुसला, वाऱ्यापुढे धरला, डोळे मिटले, आणि वैशालीला म्हणाले, "टाक बाई. दोन दिवस भेव नाही."